संधी आधी तोंडाने जोडायची, मग कागदावर फोडायची: वर्गात घेता येतील असे खेळ

प्रश्न थोडक्यात असा: सातवी-आठवीच्या मुलांनी संधीचे तक्ते पाठ केले आहेत, ‘अ + इ = ए’ घडाघडा म्हणतात, पण ‘ग्रामोद्योग’ची फोड विचारली की ‘ग्रामो + द्योग’ लिहितात. खेळातून हे सुधारेल का, आणि कोणते खेळ घ्यावेत?

सुधारतं. पण खेळ निवडण्याआधी चूक नेमकी कुठे होते ते पाहू. ‘ग्रामो + द्योग’ लिहिणाऱ्या मुलाला नियम येत नाही असं नाही. त्याला ‘ग्राम’च्या शेवटी ‘अ’ आहे हेच दिसत नाही, कारण देवनागरीत तो अक्षराच्या पोटात असतो. तक्त्यात ‘अ + उ’ लिहिलेलं आणि शब्दात ‘म’ आणि ‘उ’ दिसतात. मुलाच्या लेखी या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरं म्हणजे आपण सुरुवातच फोडीपासून करतो, कारण परीक्षेत फोड विचारतात. संधी मात्र बोलताना होते, भराभर बोलताना दोन आवाज एकमेकांवर आदळून. म्हणून क्रम असा ठेवा: आधी तोंडाने जोडणं, मग हाताने जोडणं, आणि शेवटी फोड. पहिले दोन आठवडे फोडीचा एकही प्रश्न नको.

सुरुवात रोजच्या बोलण्यापासून करा. ‘आला आहे’चं ‘आलाय’, ‘करतो आहेस’चं ‘करतोयस’, ‘झालं आहे’चं ‘झालंय’, ‘नाही आहे’चं ‘नाहीये’. हे मुलं दिवसभर करतात. अर्ध्या वर्गाने सावकाश पूर्ण रूप म्हणायचं, उरलेल्या अर्ध्याने लगेच आखूड रूप परतवायचं, मग बाजू बदलायच्या. पाच मिनिटं पुरेत. शेवटी एकच विचारा: मधलं काय गळलं? ‘ह’ गळला, हे कुणीतरी सांगतंच. पुस्तकातल्या संधीच्या प्रकारांत ‘आलाय’ बसत नाही आणि उत्तरपत्रिकेत संवाद सोडून इतरत्र ‘आला आहे’ असंच लिहायचं, हे दोन्ही त्याच वेळी स्पष्ट करून टाका. सातारा-कोल्हापूरकडचं मूल ‘करतुया’ म्हणेल, विदर्भातलं ‘करून राहिला’ म्हणेल. त्याला चूक म्हणू नका. ‘तुमच्याकडे असं आखडतं का?’ एवढं विचारलंत की ते मूल खेळात येतं. चूक म्हटलंत की तासभर तोंड उघडत नाही.

यानंतर पोटातला ‘अ’ बाहेर काढायचा. मुलांनी स्वतःचं नाव वर्णावर्णाने सुटं करून टाळ्या वाजवायच्या: व्यंजनाला चुटकी, स्वराला टाळी. ‘सूर्य’ म्हणजे स् (चुटकी) ऊ (टाळी) र् (चुटकी) य् (चुटकी) अ (टाळी). शेवटची टाळी राहिली की गट बाद. हमखास अडचण अशी की आपण बोलताना शेवटचा ‘अ’ उच्चारतच नाही. ‘राम’ आपण ‘राम्’ असाच बोलतो, त्यामुळे मूल टाळी गाळतं आणि त्याचा कान त्याच्या दृष्टीने बरोबरच असतो. इथे वाद न घालता फळ्यावर ‘म’ आणि ‘म्’ शेजारी लिहा: पाय मोडलेला नसेल तर ‘अ’ आहे, लिखाणापुरता तरी आहे, आणि संधी त्याच्याशीच होते. याला दोन तास लागले तरी द्या. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आता मुख्य खेळ: दुमडपट्टी आणि चिमटे. सामान म्हणजे कार्डशीट, जाड स्केचपेन आणि कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे. प्रत्येक पट्टी २४ सेंमी लांब, ६ सेंमी उंच. एका मोठ्या कार्डशीटमधून वीसेक निघतात. पट्टीचे चार भाग करा: ८, ४, ४, ८ सेंमी. ‘चंद्रोदय’साठी पहिल्या भागात ‘चंद्र्’ (पाय मोडून), दुसऱ्यात ‘अ’, तिसऱ्यात ‘उ’, चौथ्यात ‘दय’. आता मधले दोन्ही भाग मागे दुमडले की ‘चंद्र्’ आणि ‘दय’ एकमेकांना टेकतात आणि मध्ये खाच उरते. त्या खाचेवर मुलाने योग्य स्वराचा चिमटा लावायचा, इथे ‘ओ’. चिमट्यावर अक्षर थेट लिहिण्यापेक्षा कागद चिकटवा, म्हणजे पुढच्या वर्षी तेच चिमटे चालतात.

चाळीस मुलांचा वर्ग असेल तर पाच-पाचचे आठ गट. प्रत्येक गटाला बारा पट्ट्या आणि पहिल्या आठवड्यात फक्त पाच चिमटे: आ, ई, ऊ, ए, ओ. पट्टी दुमडायची, चिमटा लावायचा, मोठ्याने वाचायचं आणि मग वहीत सलग लिहायचं. शेवटची पायरी गाळू नका. ती गाळली की मुलं ‘चंद्र्ओदय’ असं लिहितात आणि त्यांना ते पूर्ण झालंय असंच वाटतं.

पहिल्या बारा पट्ट्यांसाठी शब्द: देवालय, सूर्यास्त, विद्यार्थी, गुणाकार, भागाकार, गिरीश, कवीश्वर, गुरूपदेश, मग गणेश, चंद्रोदय, महोत्सव, ग्रामोद्योग. यात ‘रवींद्र’, ‘नरेंद्र’ मुद्दाम नाहीत. जोडाच्या जागी अनुस्वार आला की पट्टीवर तो कुठे लिहायचा हा घोळ होतो: ‘इ’बरोबर मागे दडतो, किंवा नुसता टिंब ‘द्र’वर लोंबत राहतो. ‘इंद्र’वाली नावं नंतर तोंडी घ्या. ‘कवि’ लिहावं की ‘कवी’ हाही प्रश्न येतोच. मराठीत शेवटचा इकार दीर्घ लिहितो, संस्कृतात मूळ शब्द ऱ्हस्व आहे. पण इ असो वा ई, जोडल्यावर ईच होणार, म्हणून पट्टीवर काहीही लिहिलं तरी खेळ अडत नाही.

दीर्घ होणाऱ्या आणि ए-ओ होणाऱ्या पट्ट्या वेगवेगळ्या रंगांच्या करू नका. दिसतात छान, पण मुलं रंग बघून चिमटा निवडतात, स्वर बघतच नाहीत.

‘अ + इ’चं ‘ए’च का, हा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर तोंडातच आहे. मुलांना ‘आ’ म्हणून जबडा उघडा ठेवायला सांगा, मग सावकाश ‘ई’कडे जायला सांगा. जीभ खालून वर जाते. वाटेत, अर्ध्यावर थांबा म्हटलं की जो आवाज निघतो तो ‘ए’. तसंच ‘आ’पासून ‘ऊ’कडे जाताना ओठ अर्धे गोल झाले की ‘ओ’. दोन मिनिटांचा प्रयोग आहे, आरसा असेल तर आणखी मजा. तक्ता विसरलेलं मूल परीक्षेत गुपचूप तोंड हलवून उत्तर काढू शकतं.

दुसऱ्या आठवड्यात ‘य्, व्, र्’ हे तीन चिमटे द्या. इथे पट्टी खरी कामाला येते. ‘अत्यंत’ची पट्टी करताना ‘अत्’, ‘इ’, ‘अ’ आणि ‘ंत’ असे तुकडे करू नका. ‘अत्’, ‘इ’, ‘अंत’ असे तीनच करा आणि फक्त ‘इ’चा भाग मधोमध दुमडून मागे घाला. आता मुलांना विचारा की मागच्या आठवड्यापेक्षा काय वेगळं झालं. तेव्हा दोन्ही स्वर गेले आणि नवा एक आला. आता पहिलाच गेला, त्याच्या जागी व्यंजन आलं, दुसरा स्वर जागेवर आहे. गुणसंधी (दोन स्वर मिळून ए-ओ) आणि यणसंधी (पहिल्या स्वराच्या जागी य्-व्-र्) यांतला हा फरक तक्त्यातून मुलांच्या कधीच लक्षात येत नाही, दुमडताना बोटांना कळतो. याही संधीचा उगम तोंडात: ‘इ-अ, इ-अ’ भराभर म्हटलं की ‘य’ ऐकू येतो, ‘उ-अ’चा ‘व’ होतो. शब्द घ्या: प्रत्येक, इत्यादी, अत्युत्तम, स्वागत, मन्वंतर, पित्राज्ञा. नियम पक्का झाला की फळ्यावर ‘कोट्याधीश’ लिहा आणि चूक शोधायला सांगा. कोटी + अधीश, म्हणजे ‘कोट्यधीश’. ‘अ’ जागेवर राहतो, त्याचा ‘आ’ व्हायचं काही कारण नाही. ‘अत्याधिक’ही असंच, बरोबर ‘अत्यधिक’. मात्र ‘अत्यावश्यक’ बरोबर, कारण तिथे मुळातच ‘आवश्यक’ आहे. हे तीन शब्द एकत्र दिले की वर्गात चांगलं भांडण होतं, आणि ते होऊ द्यावं.

ऐ-औचे चिमटे एका तासात उरकतात: सदैव, मतैक्य, वनौषधी, जलौघ. फक्त ‘एक + एक’वर थोडं थांबा. संस्कृतच्या नियमाने ‘एकैक’, आणि आपण बोलतो ते ‘एकेक’. दुसरी मराठीची स्वतःची रीत, पररूप संधी: पहिला स्वर लोपतो, पुढचा राहतो. ‘कर + ऊन = करून’, ‘सांग + एन = सांगेन’ याच रांगेतले. ‘खिडकी + आत = खिडकीत’, ‘नदी + आत = नदीत’ हे उलट, म्हणजे मागचा राहतो, पुढचा जातो; ते पूर्वरूप. या पट्ट्यांना चिमटाच लागत नाही, नुसती दुमड पुरते. मुलं ते चटकन पकडतात.

नयन, गायन, नाविक यांचे खेळ करत बसू नका. ‘ने + अन’, ‘गै + अन’ या तुकड्यांना मुलांच्या लेखी अर्थच नाही, त्यामुळे जोडणं नुसतं अंदाजपंचे होतं. असे मोजके शब्द सरळ पाठ करून घ्या.

मैदान असेल तर विषामृत खेळा; नाव उच्चारतानाच एक संधी होऊन जाते. पंधराएक मुलं, दोघांवर राज्य, तीन मिनिटांची फेरी. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने एक कार्ड, पुढे ‘सूर्य + अस्त’, मागे ‘सूर्यास्त’. राज्यवाल्याने हात लावला की ‘विष’, मूल जागीच थिजतं. सोडवणाऱ्याने नुसता हात लावून भागत नाही, पुढची बाजू वाचून जोडलेला शब्द मोठ्याने म्हणायचा. थिजलेलं मूल स्वतःचं कार्ड उलटून तपासतं. चुकलं तर दोघंही थिजले. बाईंना किंवा सरांना पंच व्हावं लागत नाही हा यातला मोठा फायदा. तिसऱ्या फेरीपर्यंत मुलं ‘तिचं सूर्यास्त, त्याचं महोत्सव’ असं चेहऱ्यावरून लक्षात ठेवतात, म्हणून दर फेरीला कार्डं फिरवा. आणखी एक: कार्डाचा दोरा गाठीचा नको, ओढला की सुटेल असा हवा. धावताना मुलं एकमेकांचे दोरे ओढतात.

कार्डांच्या जोड्या लावण्याचा खेळ सगळीकडे घेतला जातो, पण त्यात एक खोट आहे. ‘महा, सुर, नर, गण’ एका बाजूला आणि ‘ईश, इंद्र, उत्सव’ दुसऱ्या बाजूला ठेवले की एकाच शब्दाच्या तीन जोड्या जमतात आणि ‘माझी बरोबर’ म्हणून कल्ला. तो टाळण्यापेक्षा नियमातच घ्या: जोड बरोबर असेल तर १ गुण, तयार झालेला शब्द खरोखर वापरात असेल तर आणखी १. मग ‘गणोत्सव’ म्हणणाऱ्याला एक गुण मिळतो आणि तो रुसत नाही.

आता फोड. तिसऱ्या आठवड्याच्या आधी नको. पहिला खेळ ‘उभे-बसा’: शब्द ऐकायचा, संधी झाली असेल तर उभं राहायचं, नसेल तर बसून राहायचं. वाचनालय, देवघर, महोत्सव, महाराष्ट्र, सूर्योदय, सूर्यफूल, विद्यार्थी, विद्यापीठ, भीमाशंकर, महाबळेश्वर. ‘विद्यापीठ’ला निम्मा वर्ग उभा राहतो. जोडशब्द म्हणजे संधी हा गैरसमज इथेच फुटतो: ‘विद्या’ आणि ‘पीठ’ शेजारी बसले, पण दोघांचंही काही बदललं नाही. ‘त्र्यंबकेश्वर’ शेवटी ठेवा. त्यात दोन संधी आहेत, त्रि + अंबक आणि त्र्यंबक + ईश्वर. बरोबर पकडणाऱ्याला दोनदा उठावं लागेल.

दुसरा खेळ, इतर विषयांच्या पुस्तकांतली शोधमोहीम. प्रत्येक गटाला एक पुस्तक, वेळ दहा मिनिटं. गणितात अपूर्णांक, अंशाधिक, छेदाधिक, भूगोलात अक्षांश, रेखांश, जलाशय, विज्ञानात गुरुत्वाकर्षण, रक्ताभिसरण, नागरिकशास्त्रात मताधिकार, इतिहासात सत्याग्रह. हे शब्द सापडले की मुलांना अर्थही नव्याने लागतो: अंश अधिक तो अंशाधिक. नियम एकच: शब्द आणणाऱ्याने बदल झालेल्या जागेवर बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर शब्द बाद. नाहीतर ‘भूगर्भ’ आणि ‘सामाजिक’ यांचा ढीग जमतो.

फोड तपासायला दर वेळी तीन मुलांचं न्यायमंडळ नेमा. त्यांनी दोन प्रश्न विचारायचे: दोन्ही तुकड्यांना अर्थ आहे का? आणि तो अर्थ मूळ शब्दाला लागतो का? कारण नुसत्या आवाजावरून फोड ठरत नाही. ‘विद्यालय’ची ‘विद्या + लय’ ही फोड मुलं हटकून करतात. ‘लय’ हा शब्दही आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नातून ती सुटते. दुसऱ्यात अडकते: विद्येचं घर म्हणजे ‘आलय’ हवं. ‘सदाचार’ची ‘सदा + आचार’ आवाजाने बरोबर बसते, पण अर्थ ‘चांगलं वागणं’ असल्यामुळे ‘सत् + आचार’. ‘सदानंद’ मात्र सदा + आनंद आणि सत् + आनंद, दोन्हींनी जमतो आणि अर्थही दोन्हींना लागतो. न्यायमंडळाला इथे दोघांनाही गुण द्यावे लागतात.

व्यंजनसंधीला चिमटे चालत नाहीत. तिथे गळा आणि नाक वापरा. घशावर दोन बोटं ठेवून ‘स्स्स’ म्हणा, मग ‘म्म्म’. दुसऱ्याला बोटांखाली थरथर जाणवते. मग ‘त्’ आणि ‘द्’. इथे एक गोष्ट सांभाळा: मुलं ‘त’ म्हणतात, त्यातला ‘अ’ थरथरतो आणि प्रयोग फसतो. ‘त्’ अर्धाच, कुजबुजल्यासारखा म्हणायला लावा. मग कळतं की ‘जगत्’नंतर थरथरणारा ‘ई’ आला की त्याच्या नादाने ‘त्’ही थरथरू लागतो, आणि ‘जगदीश’ होतो. नाकाचा खेळ याहून सोपा. नाक चिमटीत धरून ‘जगदीश’ म्हणा: निघतो. ‘जगन्नाथ’ म्हणा: मध्येच अडकतो. पुढचा ‘न’ नाकातला, म्हणून त्याने ‘त्’ला आपल्यासारखं केलं. सन्मती, वाङ्मय, षण्मास याच पद्धतीने होतात. सज्जन, उच्चार, तल्लीन, उल्लंघन यांत ‘त्’ पुढच्या व्यंजनासारखाच होतो, हे मुलं स्वतःच सांगतात. त्यानंतर ‘उज्वल’ आणि ‘तज्ञ’ फळ्यावर लिहून दुरुस्त करायला द्या. उत् + ज्वल, तत् + ज्ञ. दोन्हींत ‘त्’चा ‘ज्’ होऊन उरतो, म्हणून ‘उज्ज्वल’ आणि ‘तज्ज्ञ’. दुकानांच्या पाट्यांवर, पत्रिकांवर हे शब्द शोधायला सांगितले तर आठवडाभर मुलं काही ना काही आणत राहतात.

विसर्गसंधीसाठी चार कोपऱ्यांचा खेळ घ्या. वर्गाच्या चार कोपऱ्यांत चार पाट्या: ‘ओ होतो’, ‘र् होतो’, ‘श्-ष्-स् होतो’, ‘तसाच राहतो’. शब्द पुकारला की धावत योग्य कोपरा गाठायचा. मनः + रथ, यशः + धन पहिल्यात. निः + अंतर, दुः + जन दुसऱ्यात. निः + चय, निः + कारण, मनः + ताप तिसऱ्यात. अंतः + करण, प्रातः + काल चौथ्यात. पहिल्या फेरीत गर्दीमागे गर्दी धावते. ते मोडायला शब्द पुकारल्यावर पाच आकडे मोजेपर्यंत डोळे मिटून बोटांनी कोपऱ्याचा क्रमांक दाखवायचा आणि मगच पळायचं. ‘निः + रस’ला कोपराच नाही: विसर्ग जातो आणि मागचा ‘नि’ दीर्घ होऊन ‘नीरस’ बनतो. तो शब्द पुकारून मुलांना मध्येच गोंधळात उभं राहू द्या, मग पाचवी पाटी त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

‘मनः + स्थिती’ इथे जरूर घ्या. चौथा कोपरा, ‘मनःस्थिती’. ‘मनस्थिती’ आणि ‘मनोस्थिती’ दोन्ही चूक. मग एखादं हुशार मूल ‘मनोकामना’बद्दल विचारेल. नियमाने ‘मनःकामना’ व्हायला हवं, पण ‘मनोकामना’ इतकं रूढ आहे की भाषेने ते पचवलंय, असंच सांगा. नियमातून सुटलेला शब्द लपवलात तर मूल बाकीच्या नियमांवरही विश्वास ठेवत नाही.

वेळेचं गणित: रोज पंधरा मिनिटं, आठवड्यातून चार दिवस, साधारण सहा आठवडे. सलग दोन तासिका घेऊन एका दिवशी सगळे खेळ उरकले तर मुलं खेळ लक्षात ठेवतात, संधी नाही. दर आठवड्याच्या शेवटी खेळात एकदाही न आलेले दहा शब्द द्या, सहा जोडायला आणि चार फोडायला (पहिले दोन आठवडे दहाही जोडायलाच), आणि प्रत्येक फोडीपुढे तुकड्यांचा अर्थ लिहायला लावा. जोडणं जमतंय पण फोड अडतेय असं दिसलं तर शब्दसंपत्ती कमी पडतेय. ‘आलय’, ‘उदक’, ‘अधीश’, ‘ओघ’ असे वीसेक सुटे शब्द अर्थासह भिंतीवर लावा. जोडणंच चुकत असेल तर पुन्हा चुटकी-टाळीवर जा, कारण तिथे पोटातला ‘अ’ अजून सुटलेला नाही.